मल्लेश्वरीचा फॉर्म

४ ऑगस्ट, सोमवार

संस्था सुरू झाली. ‘न्यायसोपान’. नाव मी सुचवलं. जागा, पुस्तकं, गावोगाव फिरून मुलं शोधणं वगैरे किरकोळ कामं नेत्रावतीने केली. ती पूर्वी माझी ज्युनियर, आता हुमनाबाद कोर्टात स्वतंत्र प्रॅक्टिस करते. घडवली मीच.

सहा मुलं घेतलीत. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या मराठी, दोघांच्या घरी दख्खनी. एकाच्याही घरात आजवर वकील झालेला नाही. डिसेंबरच्या चौदाला नॅशनल लॉ कॉलेजची एंट्रन्स.

हळ्ळीखेडची मल्लेश्वरी सगळ्यांत तेज. तिचे वडील निंगप्पा मालाचा टेम्पो चालवतात. ते म्हणाले, "एकदाच परीक्षा देऊ द्यायलो, साहेब. न्हाई जमलं तर लगीन." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मी आहे ना.

संकल्प: रोज संध्याकाळी एक तास स्वतः शिकवायचं. खंड नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अजून शिकवायला गेलेलो नाही. लोगोचं काम चाललंय. तराजू ठेवावा की जिना? दोन्ही ठेवले तर तराजू जिन्यावरून पडतोय असं दिसतं. सध्या नेत्रावती क्लास घेते. तिलाही अनुभव हवाच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. मुलांनी सत्कार केला. पस्तीस मिनिटं बोललो. सराव परीक्षेत मल्लेश्वरी एकसष्टवरून चौऱ्याऐंशीवर गेली आहे. क्लास मी एकही घेतला नसला तरी वातावरण कुणी तयार केलं?

२२ सप्टेंबर, सोमवार

नेत्रावती म्हणाली, फॉर्म भरायला सुरुवात करू, एका दिवशी सगळ्यांना बसवून भरते. मी म्हणालो, फॉर्म ही संस्थापकाची जबाबदारी. पाच मुलांनी ऐकलं नाही, परस्पर इंटरनेट सेंटरवर जाऊन भरून आली. शिस्त नाही. मल्लेश्वरीने मात्र सगळी कागदपत्रं माझ्याकडे आणून दिली. घरी एकच साधा फोन आहे. म्हणाली, "तुम्ही भरायलाव तर मला कायची काळजी, सर?"

पोरीला माणसांची पारख आहे. उद्याच भरणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११

फॉर्म निम्मा भरला! उरलं फक्त फोटो आणि सही. फोटो अपलोड होत नाही, साइज जास्त आहे म्हणतं. लातूरची पाहुणेमंडळी गाणगापूरला दर्शनाला निघालीत, त्यांच्यासोबत जातोय. त्यांतले एक निवृत्त न्यायाधीश आहेत, संस्थेला उपयोग होईल. फोटोचं उद्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. नेत्रावतीचा फोन आला, मल्लेश्वरीचा फॉर्म झाला का. झाल्यातच जमा, म्हणालो. खोटं नाही ते. निम्म्याहून जास्त झालाय.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज फॉर्म पूर्ण करायला बसलो. शेवटची तारीख काल होती.

माझ्या डोक्यात पंधरा नोव्हेंबर होती. ती भरलेल्या फॉर्ममधल्या चुका दुरुस्त करायची तारीख. दोन तारखा असल्या की माणूस गोंधळणारच.

बाहेर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक. जेवण गेलं नाही. बायकोने, विजयश्रीने, विचारलं, बरं वाटत नाही का. ॲसिडिटी आहे म्हणालो.

३ नोव्हेंबर, सोमवार

परीक्षेच्या ऑफिसला फोन केला. बावीस वर्षांची प्रॅक्टिस सांगितली. तिकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, मुदत संपली. मेल केला. दुसरा मेल जास्त कडक इंग्रजीत केला.

नेत्रावतीला सांगितलं, शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडला होता, पण मी बघतोय, सुटेल. तिने स्क्रीनशॉट मागितला. शोधतो म्हणालो.

मल्लेश्वरीला आज काही सांगितलं नाही. मार्ग निघेपर्यंत तिचा आत्मविश्वास टिकवणं महत्त्वाचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मेलला उत्तर नाही. आज पहिल्यांदा क्लासवर गेलो. मल्लेश्वरी पहिल्या बाकावर. सराव परीक्षेत सत्त्याण्णव. मला पाहून उठून उभी राहिली. पाणी पिऊन परत आलो.

संकल्प: रविवारी तिला सगळं सांगायचं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल रविवार होता.

५ डिसेंबर, शुक्रवार

हॉलतिकिटं आली. पाच. मल्लेश्वरीने विचारलं, माझं कामून आलं न्हाई, सर? तेव्हा सर्व्हरचं सांगितलं. तिने वही मिटली, दप्तरात ठेवली आणि बसला निघून गेली.

संध्याकाळी नेत्रावती चेंबरमध्ये आली. माझ्या लॅपटॉपवर मीच मल्लेश्वरीच्या नावाने उघडलेल्या अकाउंटमध्ये शिरली. अर्ज अपूर्ण. शेवटचा बदल १० ऑक्टोबर. तिने लॅपटॉप मिटला. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

जाताना एवढंच म्हणाली, "निंगप्पाण्णाला तुम्ही सांगता की मी सांगू?"

मीच सांगणार, म्हणालो. संस्थापक आहे मी.

७ डिसेंबर, रविवार

हळ्ळीखेडला गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमलं होतं.

मल्लेश्वरीची आई सावित्रम्मा यांनी भाकरी, शेंगाची चटणी वाढली. नको म्हणता येईना. मी घसा साफ केला तेवढ्यात निंगप्पाच बोलले, "सर्वर बंद पडलं म्हणं. नशिबातच न्हाई तिच्या. तुम्ही लई केलाव, साहेब." राजेश्वर गावचं स्थळ आलंय, गुरुवारी बघायला येणार. मल्लेश्वरी चुलीपाशी पाठ करून बसली होती.

मी "हं" म्हणालो. चटणी चांगली झाली आहे असंही म्हणालो.

प्रसंग सांगण्यासारखा नव्हता. लग्नाच्या बोलण्यात कटुता कशाला.

९ डिसेंबर, मंगळवार

नेत्रावती काल हळ्ळीखेडला जाऊन आली. मला न विचारता. मल्लेश्वरीला सगळं सांगितलं. निंगप्पा भाडं घेऊन कलबुर्गीला गेले होते, भेटले नाहीत.

आज दुपारी मल्लेश्वरी एकटी चेंबरमध्ये आली. बस म्हणालो, बसली नाही.

"तीन नोव्हेंबरलाच तुम्हाला कळलं व्हतं. मंग म्हैनाभर मला अभ्यास कामून करू दिलाव?"

तुझा आत्मविश्वास मोडू नये म्हणून, म्हणालो.

"माझा न्हाई, सर. तुमचा."

मग ती म्हणाली, चूक कुणाची ते लिहून द्या, सही-शिक्क्यानं. नेत्रावतीअक्का पोरीच्या बाजूनंच बोलणार असं अप्पा म्हणतील. कागद असला की मानतील.

मी ड्राफ्ट केला. दोन पानं झाली. ‘तांत्रिक परिस्थिती’, ‘अपरिहार्य व्यस्तता’, ‘उभयपक्षी गैरसमज’. तिने वाचलं आणि माझ्याच पेनाने रेघा मारत गेली. उभयपक्षी शब्दावर थांबून विचारलं, दुसरा पक्ष कोण? तोही खोडला. शेवटी दोन वाक्यं उरली. फॉर्म भरायची जबाबदारी माझी होती. मी भरला नाही.

ती वाक्यं तिने कन्नडमध्ये लिहायला लावली, कारण निंगप्पा कन्नड वाचतात. सही केली. शिक्काही मारला.

११ डिसेंबर, गुरुवार

राजेश्वरची माणसं आज येणार होती. आली का, काय ठरलं, कळायला मार्ग नाही. नेत्रावतीला फोन केला. ती कोर्टात होती. संध्याकाळीही कोर्टातच होती म्हणे.

१४ डिसेंबर, रविवार

आज एंट्रन्स. नेत्रावती पाच मुलांना घेऊन सकाळी कलबुर्गीला गेली. मल्लेश्वरीही सोबत गेली म्हणे, सेंटर कसं असतं ते बघायला. आत सोडत नाहीत. दोन तास गेटबाहेर बसून राहिली असेल.

मला कुणी विचारलं नाही. घरी होतो. लोगोच्या फाइल्स डिलीट केल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

निंगप्पा चेंबरमध्ये आले. खिशातून माझा कागद काढला, टेबलावर उलगडून सरळ केला. "हे तुम्हीच लिव्हलाव?"

व्हय, म्हणालो.

ते खाली बसले. म्हणाले, राजेश्वरच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. पोरीला अजून एक साल दिलंय. "भावकीच्या जमिनीपायी लई वरसं कोर्टात बसलोय, साहेब. आपली चूक हाय असं लिहून देणारा वकील म्या बघितला न्हवता."

मला भरून आलं. वाटलं, हेच तर मार्गदर्शन. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, पुढचं सालभर मल्लेश्वरीला मी स्वतः रोज शिकवतो, फॉर्मसुद्धा—

निंगप्पांनी हात वर केला.

"फारम ती आपला आपण भरंल. नेत्रावतीअक्काकडं जाईल. तुमच्याकडं पाठवणार न्हाई म्हणून सांगायलाच आलतो."

कागदाची घडी घालून खिशात ठेवली, नमस्कार केला आणि गेले. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

मी बरं म्हणालो होतो. त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.