कोंबड्याशिवाय

२० ऑगस्ट
नर नसतानाही पक्ष्यांना पिल्लं होऊ शकतात! मोबाईलवर वाचलं. टर्कीत होतं, काँडॉर नावाच्या गिधाडातही झालंय. आमच्याकडे एकच कोंबडी, राणी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर झोपमोड नको म्हणून घरात कोंबड्याला मीच बंदी घातलीय. म्हणजे प्रयोगशाळा तयार. पेडण्याचं नाव होणार!
बायको, शेवंती, गावच्या राखणदार देवाच्या नवसाचं काहीतरी सांगायला आली. शास्त्रात देव आणू नकोस, असं सौम्यपणे ओरडलो.

२१ ऑगस्ट
पहारा सुरू. अंगणात खुर्ची, थर्मास. राणीवर सतत नजर. (दोन ते चार सोडून. दुपारची झोप हा गोंयकाराचा हक्क आहे. शिवाय तेव्हा सगळा गाव झोपतो, कोंबडे काय जागे असणार?)

२६ ऑगस्ट
अंडी सुरू. मी झोपून उठतो तेव्हा राणी फार खुशीत असते. एकांत मानवला.

२ सप्टेंबर
राणी अंड्यांवर खुडूक बसली. शेवंती म्हणे, "दोन अंडी दिया, पोळो करतां." साफ नकार. शास्त्रासाठी मीही अंड्याचा पोळा सोडला. (दुकानातल्या अंड्यांचा चालतो.)

९ सप्टेंबर
अंड्यामागे टॉर्च धरला. आत लाल शिरा! डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मालतीला बोलावून दाखवलं. तिने शेवंतीकडे पाहिलं, शेवंतीने जमिनीकडे. दोघींनी पदर तोंडाला लावला. गहिवरल्या असाव्यात.

२३ सप्टेंबर
सहा पिल्लं!!
वाचनालयाच्या गौरेशला फोन. रविवारी आमच्याच अंगणात माझं सप्रयोग व्याख्यान. त्याने वेळ दिली तीनची. एक दिवस झोपेचा त्याग करीन.
अशी पिल्लं सगळी नर निघतात म्हणे. म्हणजे घरात सहा कोंबडे. बघू.

२८ सप्टेंबर, रविवार
लिहवत नाही.
व्याख्यान रंगात आलं होतं. 'या अंगणात परपुरुषाने पाऊल टाकलेलं नाही,' असं म्हणालो, आणि कुंपणाखालून एक तांबडा कोंबडा आत आला. इकडेतिकडे न बघता, रोजची वाट असल्यासारखा थेट राणीजवळ. मागून मालती धावत, "धरा रे, राखणदाराचो कोंबो!" गाव हसला. गौरेशने आभार मानले, कोंबड्याचे.
शेवंतीला जाब विचारला. म्हणाली, "तुमच्या गुडघ्याक गूण येवंदी म्हणान नवस केल्लो. तुमका कोंबो घरात नाका, म्हणान मालतीकडे ठेवलो. सांगपाक आयिल्लें, तुमी बोवाळ केलो." तो दुपारी इकडे येतो हे म्हणे सगळ्यांना ठाऊक. मी सोडून.
बायकोने दगा दिला, शेजारणीने दिला, राणीने तर रोज दिला. फार लागलंय मनाला. दाणे माझ्या हातचे खायची ती!
गुडघा मात्र माझ्या व्यायामानेच बरा झाला.

२९ सप्टेंबर
दुपारची झोप आजपासून कायमची बंद. भातकापणी झाली की कोंबडा राखणदाराला जाईल. तोवर खुर्चीवरून हलणार नाही. राणी पुन्हा माझी होईल.

दु. ४.२०
आत्ताच उठलो. अंगण रिकामं. राणी पिल्लं घेऊन मालतीकडे गेली, असं शेवंती म्हणाली. जाताना पिल्लांनी बराच कलकलाट केला म्हणे. मला कोणी उठवलं नाही. झोपमोड करायची नाही, हा नियम माझाच.