पटेरा कापला त्याची गोष्ट

आई, आज दुपारपासून वारा सुटला आहे आणि मला एका जागी बसवत नाही. तीनदा गॅलरीत जाऊन आलो. सून म्हणाली, "अप्पा, खिडकी लावून घ्या नं, काहून येरझारा घालून राहिले?" तिला काय सांगू? इथून तलाव दिसतही नाही. तरी पडदा हलला की माझे कान आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला जाऊन लागतात.

लढाईचं वर्ष होतं. बाबा फॅक्टरीत बारा-बारा तास, घरी यायचे ते जेवून आडवे व्हायला. खिडक्यांच्या काचांवर तू खळ लावून काळा कागद चिकटवला होतास. पावसाळा सरत आलेला, तलाव तुडुंब, आणि आपलं स्वयंपाकघर पाण्यापासून जेमतेम दहा पावलांवर. मधे फक्त पटेरा. पुस्तकात त्याला पाणकणीस म्हणतात, पाण्यात उगवणारं माणसाहून उंच गवत. भांडी घासता घासता तू म्हणायचीस, "दिसायला रानटी आहे, पण लाट त्याच्यात शिरते अन् मरते. त्याला हात लावू नको बाप्पा." मी नुकताच मास्तर झालो होतो. मुलांना कविता शिकवायचो, आणि कवितेतल्या लाटा नाचायच्या, मरायच्या नाहीत.

तू मावशीच्या बाळंतपणाला आठ दिवस शहरातल्याच गोरखपूर भागात गेलीस. मी विळा घेतला आणि घरामागचा सगळा पटेरा कापून पाण्यात लोटून दिला. का, तर पायरीवर बसून कविता म्हणताना समोर मोकळं पाणी दिसावं. दोन संध्याकाळी दिसलंही. फार सुंदर होतं, आई, खोटं कशाला सांगू.

तू आलीस, कपाळाला हात लावलास. "म्हशींनी तुडवला." मी म्हणालो, पुस्तकातून मान वर न काढता. दूध घालणारी दीदी दारात उभी होती, तिच्याच म्हशी तलावात डुंबायच्या. ती तुला म्हणाली, "कसम से बाई, हमाई भैंसें उतै गईं नईं." तू म्हणालीस, "अच्छा? मग काय मी चारा म्हणून खाल्ला?" मला हसू आलं. त्या हसण्याची आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी वारा आला. पलीकडच्या काठावरून सुटला तो सबंध तलाव आपल्याकडे लोटत. पावसाचा थेंब नाही, आणि पाणी मागच्या दारात. लाटा काठाला खालून खात होत्या. वरची माती तशीच उभी दिसे, मग एकदम पाटाएवढा तुकडा खाली बसे. तू पिठाचा डबा माझ्या हातात कोंबलास, "पकड नं, पाहून काय राहिला!" आणि शेगडी आणायला परत आत वळलीस. मी तुला दंडाला धरून ओढलं, आणि भिंत तुझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली, चुलीसकट. फॅक्टरीतली पाळी संपेपर्यंत बाबांना काही कळलंही नाही.

पुढे तू पडवीत स्वयंपाक केलास, आणि धूर डोळ्यांत गेला की दीदीचा उद्धार. तिचं दूध बंद, बोलणं बंद. तू गेलीस तेव्हा ती आली होती. फाटकाबाहेर उभी राहिली. मी तिला आत ये म्हटलं नाही.

आज कॉलनीतला एक तरुण अर्ज घेऊन आला. आपल्याच तलावाच्या काठावरचा पटेरा काढून टाका, फिरायला येणाऱ्यांना पाणी दिसत नाही. "दादाजी, आप तो कवितावाले आदमी हैं, पहले साइन आपके." त्याचं स्वतःचं नवं घर काठाला लागून आहे, लेकरू रांगतं आहे. तुझं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यानं विचारलं असतं, आपको कैसे पता? आणि उत्तराची सुरुवात त्या विळ्यापासून झाली असती. म्हणालो, चष्मा सापडत नाही, कल आना. तो माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

उद्या तो परत येईल. हा तुला लिहिलेला कागद वहीतच राहणार. त्याला सांगायचं ते तुला सांगून राहिलो, आई, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.