पाण्याची राखण

बिलोली,
३ नोव्हेंबर २०२५

चि. शेषेराव,

तीन बार फोन केला. तिन्ही बार तू "मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला" म्हणलास आणि ठेवून दिलास. अजून किती मोठ्यानं बोलू? शेजारची गुरम्मा भिंतीवरून विचारून राहिली, "कोणासंगं भांडण झालं, बाई?" त्या विमानानं तुझे कान खाल्ले, म्हणून चौथी शिकलेल्या बहिणीवर कागद लिहायची पाळी आली. अक्षराला हसू नको. मोबाईलवर लिहायचं तर उज्वलाची मदत लागती, आणि हे तिला दाखवायचं न्हाई.

इकडं समदं बरं हाय. तुझे दाजी सोयाबीनच्या राशीत हायत. तुझी तब्येत बरी असंल. झालं विचारून.

आता तुझ्या भाचीचं, उज्वलाचं ऐक. विष्णुपुरीचं इंजिनियरिंग झालं. मी म्हणलं, नांदेडात नोकरी बघ. तर म्हणती, "आई, मी नेव्हीत जाणार. मामासारखं समुद्रावरच्या विमानात." म्हणलं, चालवणार का? तर न्हाई, मागं बसून बघणार. नुसतं बघायला चार वर्षं शिकवलं होय! चोवीस तारखेला मुलाखतीला बोलावलंय, ती पण पाच दिवसाची. अस्सल कागदं संगं पाहिजेत. आणि कागदांची फाईल सापडंना. आठ दिवस झाले, पोरगी घर उलटंपालटं करून राहिली.

हा नाद तूच लावलास. सहलीला विशाखापट्टणमला गेली, आणि समुद्रकाठी ठेवलेल्या त्या विमानापाशी तू लोकांना माहिती सांगत उभा. तिनं मोबाईलवर धरलं, आता रोज जेवताना लावती. मला पाठ झालंय. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी मोडून टाकलेली विमानं आपल्या लोकांनी कानपुरात जोडली, ती समुद्रावर हिंडवली. मग प्रवाशांची जुनी विमानं हवाईदलाला, हवाईदलाची नेव्हीला. थोरल्याची चड्डी मधल्याला, मधल्याची धाकट्याला, आपल्या घरासारखंच. मग रशियाचं एक, मग तुझं आठ पंख्यांचं, आता अमेरिकेचं. विमानं बदलली, काम तेच. पाण्यावर डोळा ठेवायचा.

त्या व्हिडिओत एक माणूस विचारतो, "साहेब, किती पाणबुड्या बुडवल्या?"

तू हसतोस. "एक पण न्हाई. आम्ही राखणीला होतो. माझी आक्का रानात उंच माळ्यावर बसून जोंधळा राखायची. पाखरू बसलं न्हाई, की लोक म्हणायचे, पोरगी दिवसभर माळ्यावर बसून खाती. बघायचं कसं ते मला तिनं शिकवलं. डोळा एका जागी ठेवायचा न्हाई. बांधापासून एकेक तुकडा बघत यायचं."

पहिल्या बारीला ऐकलं तेव्हा मी ताटावरून उठले. उज्वलाला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

माळ्यावर मी काय शिकवलं ते जगाला सांगतोस. आबाच्या तेराव्याला मी काय म्हणलं ते सांगत न्हाईस. मीच लिहिते. समद्या भावकीसमोर म्हणलं, "पाण्याची राखण करत बसला, आणि बापाच्या तोंडात पाणी घालायला नव्हता." तू भरल्या पंगतीतून उठलास. नऊ वर्षं झाली, गावाकडं फिरकला न्हाईस.

आबा गेले त्या दिवशी तू आभाळात होतास. उतरेपर्यंत तुला कुणी सांगितलंच न्हाई. हे मला उज्वलाकडून आता कळलं. तवा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी बोलले असते, खोटं कशाला लिहू. आबा दाराकडं बघत गेले, शेषा. जवळ मी एकटी होते.

आता उरलेलं पण लिहून टाकते. फाईल हरवली न्हाई. ज्वारीच्या कोठीत हाय, तळाला, कॅरीबॅगमध्ये गुंडाळून. मीच ठेवली. पोरगी त्याच कोठीतली ज्वारी काढून दळायला नेती, आणि फाईल घरभर हुडकती. कोठीत आता वीतभर ज्वारी उरली.

मला भ्या वाटतं. तिचे पण कान जातील. मी जाताना ती पण कुठंतरी पाण्यावर असंल, आणि तिला शिव्या द्यायला थोरली बहीण पण न्हाई.

तर तू सांग, पाठवू का नको? माझी समजूत काढायची न्हाई. इतकी वर्षं पाणी बघून तुला काय मिळालं ते लिही, काय गेलं ते पण लिही. कान सोडून. ते मला दिसतंय.

"पाठव" म्हणलास तर त्याच दिवशी कोठीत हात घालीन, आणि फाईल कुणी लपवली ते माझ्या तोंडानं तिला सांगीन. "नको" म्हणलास तर तिला तूच सांगायचं, इथं दारात येऊन. मी सांगणार न्हाई.

गप मात्र बसू नको. आता रानात सगळं सोयाबीन, पाखरं राखायचं काम उरलं न्हाई. तरी नऊ वर्षं मी बस थांबती तिथून घरापर्यंत एकेक तुकडा बघत आले.

शनिवार, पंधरा तारीख. तुझ्या हातचा कागद, मोठ्या अक्षरात. त्या दिवशी मी पोस्टमनच्या वाटेवर बसणार हाय.

तुझी आक्का,
केवळा