हातविणीच्या स्वेटरमधला चुकलेला टाका

सगळ्यांच्या आधी टपकल्या त्या आपल्या नातीच्या प्राध्यापिकाबाई, मी अजून केसांना फणीही लावली नव्हती, आणि पाठोपाठ तिच्या वर्गातल्या दोघी. पण थांब धाकटे, आधी तुझा गुडघा कसा आहे? यजमानांचा खोकला? इथे सगळी धडधाकट. (शाळा चौथीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तूच सांभाळून घे.)

तर आपली नात विद्यापीठात धंद्यातली नीती शिकते. (आपल्याला ती धपाट्यात फुकट मिळाली, आता तिची पदवी असते म्हणे!) प्रकल्पाला तिने माझाच स्वेटरचा धंदा घेतला: ‘आजीचा सचोटीचा व्यवसाय’. वर्षाचे निम्मे गुण त्यावर, म्हणून बाई स्वतः बघायला आल्या.

आता स्वेटरच्या चिठ्ठीवर आपण ‘हातविणीचे’ लिहितो, बाह्या तू मशीनवर काढून पाठवतेस आणि प्रत्येक बाहीत मी एक टाका मुद्दाम चुकवते, हे नातीलाही ठाऊक. बाईंनी स्वेटर उजेडात धरला आणि नेमका तोच टाका हेरला. “बघा मुलींनो, ही माणसाच्या हाताची खूण. मशीन असं चुकत नाही.” मी मान डोलावली. (खोटं काय त्यात? मशीन नाहीच चुकत.) मुलींनी लिहूनही घेतलं. तेवढ्यात आमचं रत्न उठलं, “मॅडम, बाह्या मशीनच्याच आहेत. चूक आजी मागाहून घालते.” झालं! म्हटलं, हरिश्चंद्राला जन्मायला आमचंच घर सापडलं.

बाईंनी स्वेटर मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “असं का हो आजी?”

“बिनचूक दिला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, बाई.”

“आणि चिठ्ठी?”

“ती मात्र न ठरवता चुकली.”

बाईंना हसू आवरेना. गुण कापणार नाहीत, पण चिठ्ठी बदलायची, नातीने सगळं खरं लिहायचं, आणि स्वेटरची पुढची-मागची बाजू, पुढा-पाठ, मी हाताने कशी विणते ते वर्गाला दाखवायचं. पोरगी गळ्यात पडली, “आजी, तेवढं तरी खरं आहे, म्हणून वाचले!” मला तर गं, अभिमानाने भरून आलं.

तुझी ताई

ता.क. पुढा-पाठही वर्षभर तूच मशीनवर काढतेस, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. तेव्हा एक पाठ अर्धी विणून, सुयांवर चढवून लगेच पाठव.

ता.क. दुसरा: आणि तूही ये. पुढचे टाके माझ्या बोटांना आठवतात का, ते आधी बघू. अख्खा वर्ग गुरुवारी चार वाजता येतो म्हणून बाई सांगून गेल्यात.