दोन दाढा आणि ‘ती’ जागा

अमरावती, २ मार्च १९६७

चि. सौ. कुंदा हिस गोदाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलांचा खोकला गेला, उत्तमरावांची बदली टळली, वाचून बरं वाटलं. इकडेही सर्व क्षेम आहे, म्हणजे मला कॅन्सर झाला आहे, पण घराची अब्रू शाबूत आहे.

दिवाळीत फळीवरचा डबा काढताना काखेत गाठ लागली. आपल्या डॉक्टर बापूसाहेबांनी ती काढून मुंबईला तपासायला पाठवली. उत्तर आलं की गाठ कॅन्सरची आहे, पण तिचं मूळ दुसरीकडे कुठे तरी आहे, ते शोधा. झालं, शोध सुरू झाला. घसा पाहिला. पांढरं कालवण पाजून पोटाचा फोटो काढला. तरी मूळ सापडेना म्हणून दोन दाढा उपटल्या (त्या चांगल्या होत्या, हे उपटल्यावर कळलं). एक ती जागा सोडून माझ्या सर्वांगाची झडती झाली. बापूसाहेब मला तपासतात ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, पदरावरून. आणि त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आमचे हे देतात. वकील पडले ना! (अशिलानं तोंड उघडलं की केस जाते, असा यांचा अनुभव.) बाकी काही त्रास? छे छे, काही नाही.

अखेर भांडी घासता घासता आमच्या मैनाबाईनं विचारलं, “बाई, गाठ काखेत अन् दात काहून काढून राहिले वो?” आणि पुढे त्या जागेचं सरळ नाव घेऊन, तिथं कोणी पाहिलं का, असंही विचारलं. यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. मैनाबाई शाळेत गेलेली नाही, म्हणूनच तिला हे सुचलं असावं.

मग मुंबई. बापूसाहेबांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना दिलेली चिठ्ठी इतकी सोवळी होती की त्यांनी आधी माझा खांदाच धरला. मीच बोट दाखवलं. त्यांनी हातानं नीट चाचपलं, काहीच लागलं नाही. (“मी म्हटलंच होतं!” हे दाराबाहेरून.) पण आता त्या जागेचा एक्स-रे काढायची नवी तऱ्हा निघाली आहे. थंडगार फळीला टेकून, श्वास रोखून, तीन फोटो. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका निघाला. तेच मूळ. तेवढ्या वेळात यांनी व्हरांड्यात भेटलेल्या अचलपूरच्या एका गृहस्थांना, मंडळी डोळे दाखवायला आली आहे, असं सांगून ठेवलं होतं. मी बाहेर येताच त्या भल्या माणसानं मला चष्म्याचा नंबर विचारला.

बारा तारखेला तिथेच ऑपरेशन आहे. गल्लीत आम्ही अपेंडिक्स सांगितलं आहे. तू मुळीच येऊ नकोस. तुझ्या शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत, आणि मला काही एवढं वाटत नाही.

तुझी,
गोदाताई

ता. क. : आंघोळीच्या वेळी स्वतःला चाचपून पाहत जा. काही लागलं तर आधी दाढा सांभाळ.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी पत्र वाचून पाहिलं. बापूसाहेबांना एवढी हसले, पण तो शब्द मीही कुठेच लिहिलेला नाही. तर लिहिते. कुंदा, माझा डावा स्तन काढणार आहेत. मला फार भीती वाटते गं. दहा तारखेला आमची मुंबईची गाडी अकोल्याला थांबेल. वळकटी घेऊन फलाटावर उभी राहा. यांना मी सांगेन, कुंदालाही डोळे दाखवायचे आहेत.