नलूच्या हरकती

४ सप्टें.
बेसमेंट आवरतोय. महिनाअखेर कॅनडातल्या लंडनचं हे घर सोडायचं, कोक्विटलामला लेकीकडे जायचं. नलूला जाऊन तीन वर्षं झाली, तिचं खोकं आज उघडलं. तळाशी ते पुस्तक. कातडी बांधणी, दीडशे वर्षांहून जुनं. मीच आणलेलं, चर्चच्या सेलमधून. वर 'इंडियन्सचे कायदेशीर हक्क' एवढंच वाचलं. म्हटलं, नागपूरची वकील बायको, इथं घरात बसून कंटाळलीय, खूश होईल. आत निघाले चेरोकी, अमेरिकेचे मूळ रहिवासी! "अहो, हे आपले इंडियन नव्हेत," म्हणाली नि पोट धरून हसली. केवढी हसायची!

६ सप्टें.
जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला दाखवलं. दुर्मिळ आहे म्हणाला, पण पहिल्या पानावर हे लाल डाग कसले? कुंकू, दुसरं काय. दर दसऱ्याला सरस्वतीपूजनात नलू हेच पुस्तक मांडायची. समासात तिची पेन्सिल, सगळं मराठीत. दुकानदार म्हणे, डाग काढू, पेन्सिल खोडू. खोडू म्हणे! पुस्तक उचललं नि घरी आलो. ग्रोसरी राहिली.

९ सप्टें.
केतकीचा फोन. "बाबा, यू कान्ट ब्रिंग एव्हरीथिंग." तिच्या ओळखीच्या एक सेराबाई आहेत, ग्वेल्फला प्रोफेसर, स्वतः चेरोकी. पुस्तक ओक्लाहोमाला त्यांच्या लोकांच्या लायब्ररीत जावं अशी त्यांची इच्छा. मला द्यायचं नाहीये. पण भेटायला काय हरकत आहे, या म्हटलं.

१३ सप्टें., शनि.
सेराबाई आल्या. चहा, चिवडा. चिवडा दोनदा घेतला. पुस्तक मांडीवर घेऊन एकेक पान उलटलं. कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला होता, तरी घरंदारं सोडून जावंच लागलं. खापरपणजी चालत गेली, म्हणाल्या. मग कुंकवाकडे बघून विचारलं, "हू लव्ह्ड दिस बुक सो मच?" माझी बायको, म्हटलं.
समासात ठिकठिकाणी 'हरकत!' लिहिलंय. म्हटलं, ऑब्जेक्शन. बाई खळखळून हसल्या. एक अक्षर खोडायचं नाही, उलट सगळं इंग्रजीत करून द्या म्हणाल्या. पुढच्या शनिवारी येतील. तेव्हा हो की नाही ते सांगायचं.

१६ सप्टें.
चाळीस पानं झाली. अक्षरशः पुस्तकाशी भांडतेय नलू. 'साक्षीदार कुठाय?' 'हा मुद्दा टिकणार नाही.' काय तडफ! नागपूरला दोन वर्षं कोर्टात उभी राहायची. माझं ऑफिस दहा मिनिटांवर. एकदाही बघायला गेलो नाही मी.

१९ सप्टें., शुक्र.
निकालाच्या पानावर आलो. खाली बारीक अक्षरात: 'हक्क कागदावर मिळाला, वापरू कुणी दिला नाही. माझंही तेच.'
दोनदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.
इथली वकिलीची परीक्षा देऊ का, असं तिनं विचारलं होतं. केतकी लहान आहे, म्हटलं मी. तिनं पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली. मला तसं वाटून घेणं सोयीचंच होतं.
पुस्तक दिलं तर परकी माणसं हे वाचणार. ठेवून घेतलं, तर तिला पुन्हा मीच गप्प बसवलं असं होईल...
चुकलो गं नलू.
उद्या दहाला बाई येतील. बाकी सगळं इंग्रजीत झालंय. ही एक ओळ अजून मराठीतच आहे.