गाडी चालवता न येणारा तुझा भाऊ

प्रिय ताई,

'अहो-जाहो' केलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन, असा दम तू लग्नातच भरला होतास, म्हणून 'तू'च म्हणते. हे फोनवर बोलता आलं नसतं. कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, यावरून काय ते समज.

आम्ही काल जुनी गाडी बघायला गेलो होतो. माझी नवी शाळा लांब आहे, बस बदलून जावं लागतं, म्हणून मी ड्रायव्हिंग शिकले. तुझा भाऊ नेहमीसारखाच म्हणाला, "तू चालव, मी शेजारी बसून देवाचं नाव घेईन. मला ते जमत नाही." पण गाडी पारखताना मात्र स्वारी भलतीच चोखंदळ निघाली. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. याने बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "आम्ही यायच्या आधी कुठे फिरवून आणलीत?" पायाखालची मॅट उचलून गंज पाहिला. टायर एकाच बाजूने का झिजलेत, या दाराचा रंग उन्हात वेगळा का दिसतो, एक ना दोन. विकणारा घाम पुसायला लागला. मला वाटलं, मोबाईलवर वाचून आला असेल. कौतुकच वाटलं.

मग मी चालवून बघायला बसले. हा शेजारी, विकणारा मागे. दवाखान्यामागच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गाडी थांबेना. समोर चौक, माणसं रस्ता ओलांडतायत. आणि ताई, याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओरडला नाही. "क्लच दाब. सेकंड टाक. आता क्लच हळू सोड. समोर बघ, माझ्याकडे नको." एका हाताने हँडब्रेक थोडा थोडा ओढत, दुसऱ्याने स्टिअरिंग धरून त्याने गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. इतकी अलगद, की मागे बसलेल्याचा चष्मासुद्धा पडला नाही. "साहेब, तुम्ही ड्रायव्हर होतात का हो?" त्या विकणाऱ्याने विचारलं. वर तोंड करून!

हा उतरला, फुटपाथच्या कडेला गेला आणि भडभडून ओकला. मी पाणी दिलं. म्हटलं, "तुला तर गाडी येत नाही ना?" चूळ भरून म्हणाला, "ताईचा पाय माझ्यामुळे गेला."

मला आधी कळेचना. तू बाबांची गाडी न विचारता काढलीस आणि खांबावर घातलीस, हे तर मी या घरात आल्यापासून ऐकतेय. बाबा प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगायचे, "लेकीच्या हातात चाक गेलं आणि पाय मोडून घरी आली." सगळे हसायचे. मीही हसलेय गं. आणि तू काठी टेकत, आमच्यासोबत हसत, कप गोळा करायचीस!

गाडी तो चालवत होता. हौसेने तुला शेजारी बसवून. लोक धावत यायच्या आत तू त्याला दाराबाहेर ढकललंस आणि मोडलेला पाय फरफटत त्याच्या जागेवर जाऊन बसलीस. "बाबा तुझं कॉलेज बंद करतील. माझं झालंय शिकून," म्हणालीस, आणि स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीस. हे सगळं तो मला वाळूच्या ढिगाशेजारी सांगत होता, आणि मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होते.

बाबा गेले तेव्हा उशाशी तूच होतीस. शेवटच्या दिवसांतही ते तुला 'आगाऊ' म्हणाले. तरी तू ब्र काढला नाहीस. तुझ्या पाया पडावं की तुझ्याशी कडाकडा भांडावं, मला अजून कळत नाहीये. पण हे पत्र त्यासाठी नाही. रविवारी आम्ही तुझ्या नि आईंच्या घरी येतोय. त्याला आईंना खरं सांगायचंय, स्वतःच्या तोंडाने. मला तू ठाऊक आहेस. तो बोलायला लागला की तू स्वयंपाकघरातून हाक मारशील, विषय बदलशील, पुन्हा शपथ घालशील. तेवढं करू नकोस. इतकी वर्षं त्याने तुझं ऐकलं, आता एकदा तू त्याचं ऐकून घे. आईंचा हात मी धरून बसेन.

तुझीच,
धाकटी